जर्मन विशेषणांचे प्रत्यय सारखे चुकतात? या क्रमाने तपासा

जर्मन शिकताना ए२ पातळीच्या (सहा पातळ्यांतली दुसरी, बी१ ही तिसरी) आसपास हा बिघाड हमखास सुरू होतो आणि बी१ची परीक्षा आली तरी जात नाही. क्लासात सगळे याला 'अ‍ॅडजेक्टिव्ह एंडिंग' म्हणतात. वह्या तपासताना लाल पेनाची सर्वात जास्त शाई इथेच संपते. खाली जर्मन शब्द देवनागरीत, त्यांच्या स्पेलिंगच्या जवळ राहतील असे लिहिले आहेत. शेवटचा 'एर' बोलताना 'आ'कडे झुकतो, पण इथे प्रत्यय डोळ्यांना दिसायला हवा म्हणून तो पूर्ण लिहिला आहे.

लक्षणं

- "डी टाशे इस्ट नॉये" असं लिहिता. हवं: डी टाशे इस्ट नॉय (पिशवी नवी आहे).
- "आइन नॉये टिश" लिहिता. हवं: आइन नॉयेर टिश (एक नवं टेबल).
- "मिट डेम नॉयेम आउटो" लिहिता. हवं: मिट डेम नॉयेन आउटो (नव्या गाडीने).
- दोन विशेषणं आली की पहिल्याला प्रत्यय आणि दुसरं उघडं: "आइन ग्रोसेस रोट आउटो". हवं: आइन ग्रोसेस रोटेस आउटो.
- खात्री नसली की सरसकट -एन लावून मोकळे होता.
- 'रिकाम्या जागा भरा' जवळजवळ सगळं बरोबर येतं, पण ईमेल लिहायला बसलं की निम्मं चुकतं.

शेवटचं लक्षण सर्वात जास्त दिसतं आणि तेच सर्वात जास्त काही सांगतं. रिकाम्या जागेत प्रत्यय कुठे लावायचा हे आधीच ठरलेलं असतं. आर्टिकल (नामाआधीचा डेर, डी, डास, आइन असा शब्द) छापलेलं असतं, म्हणजे लिंग आणि विभक्तीही अर्ध्या-मुर्ध्या हातात आलेल्या असतात. ईमेलमध्ये हे सगळं तुमचं तुम्हाला शोधायचं असतं. त्यामुळे अशा विद्यार्थ्याने तक्ता पुन्हा पाठ करून काही सुधारत नाही. पुस्तकात तीन तक्ते असतात, प्रत्येकात चार विभक्ती, तीन लिंगं आणि अनेकवचन, म्हणजे एकूण ४८ घरं. ती पाठ असलेली आणि तरीही चुकणारी माणसं भरपूर आहेत. चूक तक्त्यापर्यंत पोचायच्या आधीच झालेली असते.

तपासणी १: विशेषण नामाच्या आधी आहे का?

याला कोश लागत नाही की व्याकरणाचं पुस्तक लागत नाही. जर्मनमध्ये प्रत्यय फक्त नामाच्या आधी आलेल्या विशेषणाला लागतो. झाइन (असणं), वेर्डेन (होणं), ब्लाइबेन (राहणं) या क्रियापदांबरोबर एकटं आलेलं विशेषण जसंच्या तसं राहतं: डेर टिश इस्ट नॉय, डी टाशे इस्ट नॉय, डास बूख इस्ट नॉय.

मराठी माणूस इथे का घसरतो ते उघड आहे. आपण दोन्ही जागी बदलतो. मोठा आरसा, आणि आरसा मोठा आहे. मोठी पिशवी, आणि पिशवी मोठी आहे. आपण तर 'ती चांगली गाते' असंही म्हणतो. जर्मनमध्ये ते फक्त 'झी झिंग्ट गूट' असतं.

याच सवयीची दुसरी बाजूही तपासा. लाल, सुंदर, गरम ही विशेषणं मराठीत कधीच बदलत नाहीत, म्हणून 'रोट' आणि 'श्योन' अनेकांच्या हातून उघडी राहतात: "आइन रोट आउटो". जर्मनला असा भेद माहीत नाही, तिथे लालही बदलतो: आइन रोटेस आउटो. न बदलणारे रंग म्हणजे रोझा आणि लीला (गुलाबी आणि जांभळा) यांसारखे मोजके.

आणखी एक सापळा: 'आइन नॉय गेबाउटेस हाउस', म्हणजे नव्याने बांधलेलं घर. इथला 'नॉय' घराबद्दल बोलत नाही, 'बांधलेलं'बद्दल बोलतो. म्हणून त्याला प्रत्यय नाही.

तपासणी २: नामाचं लिंग कोशात पाहिलंय का, की अंदाजे लावलंय?

हीही फुकटची तपासणी आहे, पण लोक टाळतात. पुढची सगळी इमारत लिंगावर उभी असते. लिंग चुकलं तर नियम अगदी बरोबर लावूनही उत्तर चुकीचं येतं, आणि मग तुम्ही निष्कारण नियमावर शंका घेत बसता.

मराठीतही तीन लिंगं आहेत, त्यामुळे कल्पना परकी वाटत नाही. नुकसान होतं ते मराठीचं लिंग नकळत जर्मन नामाला चिकटवल्याने. घर आणि पाणी नपुंसकलिंगी, तसे डास हाउस आणि डास वासेर जुळतात, आणि मग भरवसा बसतो. पण दूध नपुंसक आणि डी मिल्ख स्त्रीलिंगी. खुर्ची स्त्रीलिंगी आणि डेर श्टूल पुल्लिंगी. सूर्य पुल्लिंगी आणि डी झोने स्त्रीलिंगी. मुलगी तर चक्क नपुंसक: डास मेडशेन. कारण शेवटचं -शेन. ज्या शब्दाच्या शेवटी -शेन किंवा -लाइन, तो नपुंसक. -उंग, -हाइट, -काइट, -शाफ्ट, -टेट हे स्त्रीलिंगी. जोडशब्दाचं लिंग शेवटच्या तुकड्याचं. एवढ्यावर बरीच नामं सुटतात, उरलेली आर्टिकलसकट पाठ करण्याला पर्याय नाही.

तपासणी ३: खूण कोणाकडे आहे?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या मते ४८ घरांची गरज याच प्रश्नाने संपते.

जर्मन नामसमूहाला लिंग आणि विभक्ती सांगणारी एक खूण लागते. ती आर्टिकलच्या शेवटच्या अक्षरात असते: डेरमधला र, डासमधला स, डीमधला (स्पेलिंग die) ए, डेममधला म, डेनमधला न. ही खूण समूहात एकदा दिसली पाहिजे. आर्टिकलने दाखवली असेल तर विशेषणाला पुन्हा दाखवायची गरज नाही, ते साधं -ए किंवा -एन घेतं. आर्टिकलने दाखवली नसेल, किंवा आर्टिकलच नसेल, तर विशेषणाला दाखवावी लागते. दाराची किल्ली दोघांपैकी एकाकडे असली की पुरे, तसं.

डेर नॉये टिश: र डेरकडे आहे, विशेषण मोकळं. आइन नॉयेर टिश: 'आइन'च्या शेवटी काहीच नाही, म्हणून र विशेषणावर आला. डास नॉये बूख, पण आइन नॉयेस बूख. मिट डेम नॉयेन आउटो: म डेममध्ये आहेच, तो पुन्हा लावला की लक्षणांतली तिसरी चूक.

म्हणजे पुस्तकातला 'आइन'चा वेगळा, मिश्र तक्ता हा खरं तर वेगळा तक्ता नाही. आइन, काइन, माइन हे फक्त तीन ठिकाणी रिकामे असतात: पुल्लिंगी नॉमिनाटिव्ह (कर्त्याची विभक्ती), नपुंसक नॉमिनाटिव्ह आणि नपुंसक आक्कुझाटिव्ह (थेट कर्माची विभक्ती). बाकी सगळीकडे आइनेन, आइनेम, आइनेर अशी त्यांची स्वतःची खूण असते. त्या तीन जागा लक्षात ठेवा, उरलेल्या तक्त्याशी झगडू नका.

हे पुस्तकाबाहेर पाहायचं असेल तर बर्लिनच्या यू१ मेट्रो मार्गाचा नकाशा उघडा. ओळीने स्थानकं आहेत: हालेशेस टोर, प्रिन्त्सेनश्ट्रासे, कोटबुसेर टोर, ग्यॉर्लिट्सेर बानहोफ, श्लेझिशेस टोर, वार्शाउएर श्ट्रासे. टोर म्हणजे वेस, नपुंसकलिंगी. पाटीवर आर्टिकल नाही, म्हणून 'हालेश' आणि 'श्लेझिश' या विशेषणांनी स स्वतःवर घेतला आहे. पण बर्लिनकर भेटायची जागा सांगताना 'आम हालेशेन टोर', 'आम श्लेझिशेन टोर' म्हणतात. 'आम' म्हणजे 'आन डेम'. म त्यात लपलेला आहे, म्हणून विशेषणाचा स गळून -एन आला. कोटबुसेर टोर मात्र 'आम कोटबुसेर टोर'च राहतं. कोटबुस, ग्यॉर्लिट्स, वार्शाउ ही शहरांची नावं आहेत आणि शहराच्या नावाला -एर लावून केलेलं विशेषण कधीच बदलत नाही. एकाच मार्गावर बदलणारी वेस आणि न बदलणारी वेस, दोन्ही.

संस्थांची नावंही अशीच वाचायची सवय लावा. डॉइचेर बुंडेसटाग, पण डेर डॉइचे बुंडेसटाग, आणि इम डॉइचेन बुंडेसटाग. म्युनिकचं डॉइचेस मुझेउम, पण डास डॉइचे मुझेउम, इम डॉइचेन मुझेउम. डॉइचे बान, डी डॉइचे बान, बाइ डेर डॉइचेन बान. बातमी वाचताना अशी तीन रूपं सापडली की तक्ता न उघडताच नियम कानात बसतो.

आम, इम, त्सुम, बाइम, फोम यांच्यात 'डेम' आहे आणि त्सुरमध्ये 'डेर' आहे, हे बरेच जण विसरतात. वही तपासताना आधी या सहा शब्दांखाली रेघ ओढा. पुढच्या विशेषणाला -एनच हवं.

दोन विशेषणं असतील तर दोघांनाही तोच प्रत्यय. टीव्ही वाहिनी 'त्सेट-डे-एफ'चं पूर्ण नाव त्स्वाइटेस डॉइचेस फेर्नझेएन आहे. दोन्हींवर स आहे, कारण दोघंही त्याच नामाचं वर्णन करतात.

तपासणी ४: -ए की -एन?

आर्टिकलने खूण दाखवली असं ठरलं की फक्त हा प्रश्न उरतो. नाम एकवचनी आणि आर्टिकल कोशातल्या मूळ रूपात असेल तर -ए. काहीही हललं असेल, म्हणजे डेन, डेम, डेस झालं असेल किंवा अनेकवचन असेल, तर -एन.

इथे मराठी मदतीला येते. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं घर हे वेगवेगळं, पण विभक्ती लागली की चांगल्या मुलाला, चांगल्या मुलीला, चांगल्या घराला: तिन्ही लिंगं एका 'चांगल्या'त विरघळतात. जर्मन डाटिव्हमध्ये ('कोणाला दिलं' ती विभक्ती) तेच होतं: डेम गूटेन मान, डेर गूटेन फ्राउ, डेम गूटेन किंट. हे सामान्यरूप ज्याला कळतं त्याला जर्मनचा -एन परका वाटायचं कारण नाही.

पण हा आधार डाटिव्हपुरताच वापरा. आक्कुझाटिव्हमध्ये दोन्ही भाषांच्या वाटा वेगळ्या होतात. 'मी मोठा आरसा घेतो' यात मराठी विशेषण हलत नाही, जर्मनमध्ये हलतं: इख काउफे डेन ग्रोसेन श्पीगेल. उलट 'चांगल्या बाईला पाहतो' मध्ये मराठीत हलतं आणि जर्मनमध्ये स्त्रीलिंग तसंच राहतं: डी गूटे फ्राउ.

फसवा तुकडा एकच: 'मिट डेर नॉयेन टाशे'. हा डेर पुल्लिंगी नाही, टाशे स्त्रीलिंगी आहे आणि तिचा डी डाटिव्हमध्ये डेर झाला आहे. म्हणजे हललंय, म्हणून -एन.

तपासणी ५: अनेकवचनात पुढे कोण उभं आहे?

डी, डीझे, आले, काइने, माइने, बाइडे यांच्यानंतर -एन: आले गूटेन फ्रॉइंडे, माइने गूटेन फ्रॉइंडे. आकडे तर रिकामेच, म्हणून त्स्वाइ गूटे फ्रॉइंडे. फीले, आइनिगे, मेरेरे, वेनिगे यांच्यानंतरही -ए: फीले गूटे फ्रॉइंडे. 'फीले'वर खूण दिसते तरी विशेषणावर पुन्हा का? कारण हे शब्द स्वतःच विशेषणासारखे वागतात, आणि दोन विशेषणांना एकच प्रत्यय हे वर आलंच आहे. आले आणि फीले यांची अदलाबदल हा बी१च्या निबंधांतला नेहमीचा दोष आहे.

तपासणी ६: आर्टिकलच नसेल तर?

मग खूण पूर्णपणे विशेषणावर: काल्टेर काफे, काल्टेस वासेर, फ्रिशे मिल्ख, मिट काल्टेम वासेर. यासाठी वेगळा तक्ता पाठ करण्याआधी हे पाहा की तो तुम्हाला पहिल्या आठवड्यापासून येतो. गूटेन टाग, गूटेन मोर्गेन, गूटेन आपेटीट, फीलेन डांक, हेर्त्सलिखेन ग्ल्युकवुन्श: सगळे पुल्लिंगी आक्कुझाटिव्ह, कारण मागे 'मी तुम्हाला ... इच्छितो' किंवा 'देतो' असं न बोललेलं वाक्य आहे. गूटे नाख्ट, गूटे राइझे: स्त्रीलिंगी. श्योनेस वोखेनएंडे: नपुंसक. पत्राच्या सुरुवातीला झेर गेएर्टेर हेर आणि झेर गेएर्टे फ्राउ, शेवटी मिट फ्रॉइंटलिखेन ग्र्युसेन, म्हणजे अनेकवचनी डाटिव्ह. अडलात की या अभिवादनांपैकी जुळणारं आठवा आणि त्याच्यावरून प्रत्यय घ्या. मी अजूनही हेच शिकवतो, तक्ता नंतर.

एकच अपवाद आहे. पुल्लिंगी आणि नपुंसक गेनेटिव्हमध्ये ('चा-ची-चे'ची विभक्ती) स विशेषणावर येत नाही: ट्रोट्स श्लेख्टेन वेटेर्स (खराब हवामान असूनही). खूण नामाच्या शेवटच्या स ने दाखवून झालेली असते. स्त्रीलिंगी नामाला तसा स लागत नाही, म्हणून तिथे विशेषणच र घेतं. जुन्या जर्मन साम्राज्याच्या लांबलचक नावात हे दिसतं: हायलिगेस र्‍योमिशेस राइख डॉइचेर नात्सिओन. पहिल्या दोन विशेषणांवर राइखचा स, शेवटच्यावर नात्सिओनचा गेनेटिव्ह र.

तपासणी ७: विशेषणाचं स्वतःचं अंग बदलतंय का?

ही चटकन होते. होखचं होहे होतं (आइन होहेर बेर्ग). टॉयेर आणि डुंकेल मधला ए गळतो: आइन टॉयरेस आउटो, आइन डुंकलेस त्सिमेर. तुलनेचा -एर हा लिंग-विभक्तीचा प्रत्यय नव्हे: 'आइन श्योनेर गार्टेन' म्हणजे सुंदर बाग, 'आइन श्योनेरेर गार्टेन' म्हणजे जास्त सुंदर बाग. दोनदा एर पाहून छपाईची चूक समजू नका.

तपासणी ८: विभक्ती बरोबर आहे का?

हे सर्वात अवघड, म्हणून शेवटी. वरचं सगळं नीट असूनही चूक राहिली, तर दोष विशेषणात नाही, त्याच्या मागच्या क्रियापदात किंवा प्रेपोझित्सिओनमध्ये (नामाआधी येणारे मिट, आउफ असे शब्द) आहे.

मराठीचा 'ला' इथे गोंधळ घालतो. 'मी त्याला पाहिलं', 'मी त्याला विचारलं', 'मी त्याला मदत केली': आपल्याकडे तिन्हींना 'ला'. जर्मनमध्ये झेएन आणि फ्रागेन आक्कुझाटिव्ह घेतात, हेल्फेन डाटिव्ह घेतं. डांकेन, आंटवोर्टेन, फोल्गेन, गेफालेन, गेह्योरेन हेही डाटिव्हवाले. 'म्हाताऱ्या शेजाऱ्याला मदत करतो' म्हणजे इख हेल्फे डेम आल्टेन नाखबार्न. 'म्हाताऱ्या शेजाऱ्याला विचारतो' म्हणजे इख फ्रागे डेन आल्टेन नाखबार्न.

शंका आली तर सगळा समूह काढून त्याच्या जागी सर्वनाम ठेवून पाहा. तिथे 'ईन' बसतं की 'ईम'? कानाला सर्वनाम आधी कळतं. आउस, बाइ, मिट, नाख, झाइट, फोन, त्सू यांच्यानंतर डाटिव्ह. डुर्ख, फ्युर, गेगेन, ओने, उम यांच्यानंतर आक्कुझाटिव्ह. इन, आन, आउफ आणि त्यांची भावंडं जागेनुसार बदलतात: कुठे जाऊन पडलं हे सांगायचं असेल तर आक्कुझाटिव्ह, कुठे आहे हे सांगायचं असेल तर डाटिव्ह. इख लेगे डास बूख आउफ डेन नॉयेन टिश. डास बूख लीग्ट आउफ डेम नॉयेन टिश. गंमत म्हणजे दोन्ही वाक्यांत विशेषण 'नॉयेन'च आहे. विभक्ती चुकूनही विशेषण बरोबर येतं ते असं, आणि म्हणून हा दोष बराच काळ लपून राहतो.

परीक्षेत यातलं किती करायचं?

गोएथे संस्थेच्या बी१ परीक्षेच्या लेखनात ६० मिनिटांत तीन मजकूर लिहायचे असतात. आठही तपासण्यांना वेळ नाही. शेवटची काही मिनिटं राखा, प्रत्येक नामावर बोट ठेवून डावीकडे सरका आणि पहिली आणि तिसरी तपासणी तेवढी करा. आम, इम, त्सुर यांच्या पुढचे -एन त्यात येतातच. तोंडी परीक्षेत तर प्रत्ययासाठी वाक्य मध्येच थांबवू नका. घाईच्या बोलण्यात -एम आणि -एन यांतला फरक जर्मन माणसाच्याही तोंडून पुसट येतो.

थांबायचं कधी, आणि कोणाकडे जायचं?

मिट गूटेम आल्टेम वाइन यात नियमाने दोन्हींना -एम, पण दुसऱ्याला -एन दिलेलंही छापील मजकुरात सापडतं. मांखे आणि झोल्खे यांच्यानंतर -ए आणि -एन दोन्ही दिसतात. अशा जागी डुडेन (जर्मनचा प्रमाण कोश) उघडा, तिथे जे आहे ते घ्या आणि पुढे व्हा. यावर रात्र घालवायची गरज नाही.

दोन-तीन आठवडे या क्रमाने तपासूनही चुका आठव्या पायरीवरच अडकत असतील, तर विशेषणांच्या आणखी वर्कशीट डाउनलोड करू नका. तुमची विभक्ती कच्ची आहे आणि ती एकट्याने दिसत नाही. स्वतः लिहिलेली चार-पाच पत्रं घेऊन शिक्षकाकडे जा आणि फक्त विभक्तीच्या चुकांखाली रेघ ओढून मागा. पुण्या-मुंबईत माक्स म्युलर भवन (गोएथे संस्थेचं केंद्र) आहे, खासगी शिक्षकही पुष्कळ आहेत. 'संपूर्ण कोर्स पुन्हा करा' असं कोणी म्हणालं तर आधी कारण विचारा, बहुतेकांना तेवढी गरज नसते.

आउसबिल्डुंग (जर्मनीतलं व्यवसाय-प्रशिक्षण) किंवा नोकरीच्या अर्जाचं पत्र स्वतः लिहा, वरच्या क्रमाने तपासा, पण पाठवण्याआधी चांगलं जर्मन येणाऱ्या एका माणसाकडून वाचून घ्या. जन्मदाखला, पदवी, गुणपत्रिका, विवाह प्रमाणपत्र यांच्या भाषांतराला मात्र हात लावू नका, तुमचे सगळे प्रत्यय बरोबर असले तरी. जर्मन कार्यालयं अशा कागदांसाठी सहसा शपथबद्ध अनुवादकाची सही-शिक्क्याची प्रत मागतात. कोणाचा शिक्का चालेल हे अर्ज जिथे करायचा त्या कार्यालयाला आधी विचारा, पैसे नंतर भरा.